जपानमध्ये भाषा येत नसताना रोजचं कसं निभवायचं

जपानला पहिल्यांदा जाणारे जवळजवळ सगळे मला एकच विचारतात, की भाषा येत नाही, इंग्रजी कोणी बोलत नाही म्हणतात, मग कसं होणार. माझं उत्तर तीन ट्रिपांनंतर पक्कं झालंय. भाषा लागत नाही, पद्धत कळावी लागते. तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नंबर आहे, रंग आहे, बाण आहे, रांग कुठे लावायची याची जमिनीवर रेघ आहे. ते वाचायची सवय लागली की दुसऱ्या दिवसापासून माणूस आपलं आपण फिरतो. त्यामुळे इथे देवळं बागा कुठल्या बघायच्या ते काही नाही, फक्त रोजचं कसं चालवायचं तेवढंच लिहितेय.

आधी निघायच्या आधीचं. औषधांकडे खरंच लक्ष द्या, कारण हे कोणी सांगत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये स्युडोएफेड्रिन असतं आणि ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये ती गोळी नेता येत नाही. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल तर त्यालाही मर्यादा आहे, आणि एडीएचडीसाठी जी अ‍ॅम्फेटामिनची औषधं देतात ती तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी पूर्ण बंद. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या साधारण एक महिन्याच्या नेल्या तर वेगळी परवानगी लागत नाही, त्याहून जास्त नेणार असाल तर आधी ऑनलाइन अर्ज करून ठेवा. चिठ्ठी सोबत आणि गोळ्या मूळ पाकिटात, एवढं करा. मांस, सॉसेज, ताजी फळं, भाज्या असलं काही बॅगेत टाकू नका, एअरपोर्टवर कुत्रा वास घेत फिरतो आणि दंड मोठा असतो.

व्हिजिट जपान वेब नावाची सरकारी साइट आहे, फुकट आहे, त्यावर घरूनच इमिग्रेशन आणि कस्टम्सची माहिती भरली की क्यूआर कोड येतो, तो उतरल्यावर दाखवायचा. विमानात बसल्यावर नेट नसतं, म्हणून आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. पण ज्यांचा ई-व्हिसा आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, व्हिसाची नोटीस मात्र त्यांना फोनवर लाइव्ह उघडून दाखवायला लागते, तिथे प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, म्हणजे उतरल्या उतरल्या नेट हवंच. पासपोर्ट हॉटेलात ठेवून फिरायचं नाही. कायद्याने तो कायम अंगावर हवा, पोलिसाने मागितला तर दाखवावा लागतो.

वीज १०० व्होल्ट आहे आणि प्लग दोन चपट्या सरळ पट्ट्यांचा. मोबाइल लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० लिहिलेला असतो त्याला फक्त पिन बदलायचा अ‍ॅडॉप्टर पुरतो, पण घरचा हेअर ड्रायर किंवा इस्त्री तिथे नीट तापत नाही, नेऊच नका.

आता पैसे. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण छोटी खानावळ, देवळाची तिकिटं, गावाकडची बस, जुन्या सराया इथे अजून रोखच. सेव्हन इलेव्हनच्या दुकानात एटीएम असतं, त्यात परदेशी कार्ड चालतं आणि भाषा इंग्रजी करता येते. कुठेही मशीनने विचारलं की तुमच्या देशाच्या चलनात हिशोब करू का, तर नाही म्हणा आणि येनच निवडा, नाहीतर ते स्वतःचा महाग रेट लावतात. नोटा हजार, पाच हजार, दहा हजारच्या, दोन हजारची क्वचित दिसते. जुलै २०२४ मध्ये नवीन नोटा आल्या, आणि काही जुनी तिकीट मशीन्स अजून त्या घेत नाहीत, नोट परत बाहेर आली तर नोट खोटी आहे असं नाही, दुसरं मशीन बघा. नाणी खूप साठतात म्हणून एक वेगळी छोटी चेनची पर्स घ्या. पाच आणि पन्नासच्या नाण्याला मधे भोक असतं. दुकानात काउंटरवर एक छोटा ट्रे असतो, पैसे त्यात ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. आणि टिप द्यायची नाही, टेबलावर पैसे सोडून निघालात तर मागे धावत येऊन परत देतात.

यानंतरची सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे आयसी कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड. सुइका, पास्मो, इकोका अशी नावं वेगवेगळी आहेत पण मोठ्या शहरांत कुठलंही एक घेतलं तरी चालतं. गेटवर टेकवायचं, आत जायचं, उतरल्यावर परत टेकवायचं, भाडं आपोआप कापलं जातं. साध्या सुइकाला ५०० येन डिपॉझिट असतं. पर्यटकांसाठी वेलकम सुइका आहे, त्याला डिपॉझिट नाही पण ते २८ दिवसच चालतं आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत. आयफोन असेल तर वॉलेटमध्येच कार्ड करता येतं, जपानबाहेर घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये होत नाही, त्यांनी सरळ प्लास्टिकचं घ्यावं. पैसे भरायला स्टेशनवरची मशीन्स आहेत, सेव्हन इलेव्हनच्या एटीएममध्येही रोख भरता येते. हेच कार्ड दुकानात, लॉकरला, पाण्याच्या मशीनला सगळीकडे चालतं. फक्त एक, टोकियोत टेकवून आत गेलात आणि ओसाकाला बाहेर पडायला बघितलंत तर गेट उघडत नाही. एका शहराच्या पट्ट्यातच ते चालतं, लांबच्या प्रवासाला तिकीट वेगळं.

कधी गेट लाल होतं आणि दोन फळ्या धाडकन बंद होतात. पहिल्यांदा झालं तेव्हा माझं काळीज धडधडलं होतं, मागे एवढी रांग. पण त्यात काही नाही, बॅलन्स कमी असतो इतकंच. गेटच्या आतल्या बाजूला भिंतीजवळ फेअर अ‍ॅडजस्टमेंट लिहिलेलं मशीन असतं, कार्ड किंवा तिकीट टाका, जेवढे कमी आहेत तेवढे भरा, बाहेर या. दंड वगैरे काही नाही. म्हणूनच कागदी तिकीट काढताना भाडं नक्की कळत नसेल तर सगळ्यात कमीचं काढा आणि उतरल्यावर फरक भरा, लोक करतात तसं. तिकीट मात्र हरवू नका, बाहेर पडताना गेट ते गिळतं.

आता स्टेशनबद्दल जरा सविस्तर, कारण घाबरायला होतं ते इथेच. स्टेशनांची नावं लक्षात ठेवायला जाऊ नका, नंबर लक्षात ठेवा. प्रत्येक लाइनला रंग आणि अक्षर, प्रत्येक स्टेशनला आकडा. टोकियोची यामानोते लाइन घ्या, गोल फिरणारी, फिकट हिरवी, अक्षरं जेवाय, ३० स्टेशनं. टोकियो स्टेशन ०१, उएनो ०५, शिंजुकु १७, शिबुया २०. म्हणजे शिंजुकुहून शिबुयाला जायचं तर १७ वरून २० कडे, आकडा वाढला पाहिजे. प्लॅटफॉर्मवरच्या पाटीवर पुढचं स्टेशन १८ दिसलं की तुम्ही बरोबर बाजूला उभे आहात, १६ दिसलं की समोर जा. आईला मी एवढंच शिकवलं होतं आणि ती तिसऱ्या दिवशी मलाच सांगत होती, अगं थांब, आकडा उलटा चाललाय.

दुसरी गोष्ट ट्रेनचा प्रकार. एकाच प्लॅटफॉर्मवर लोकल येते, रॅपिड येते, एक्सप्रेस येते, आणि फास्ट गाडी तुमचं छोटं स्टेशन सोडून पुढे निघून जाते. बोर्डावर जपानी आणि इंग्रजी आलटून पालटून येतं, चार सेकंद थांबलं की लोकल का रॅपिड ते दिसतं. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये गाडीची वेळ बघा आणि बोर्डावरची वेळ जुळवा, मिनिटाला मिनिट जुळत असेल तर तीच तुमची गाडी. गाड्या इतक्या वेळेवर असतात की वेळ हीच गाडीची ओळख झाली.

तिसरं, बाहेर पडायचं दार. शिंजुकुला दोनशेच्या वर एक्झिट आहेत. चुकीच्या दाराने वर आलात तर वीस मिनिटं चालावं लागतं आणि रस्ता ओलांडायला जागा सापडत नाही. म्हणून अ‍ॅपमध्ये एक्झिटचा नंबर आधीच बघून ठेवा, ए३, बी७ असा काहीतरी असतो, आणि गेटमधून बाहेर पडायच्या आधीच पिवळ्या पाट्यांवर तो शोधा. सामान जड असेल तर लिफ्टवाली एक्झिट शोधा, सगळ्यांना लिफ्ट नसते.

गाडीत फोनवर बोलत नाहीत, रिंग बंद ठेवतात. सकाळच्या गर्दीत काही डबे फक्त बायकांसाठी असतात, गुलाबी पट्टी असते. सरकत्या जिन्यावर टोकियोत लोक डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे, पुढचा माणूस जिथे उभा आहे तिथे मागे उभं राहायचं. शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पहिली पहाटे पाचच्या सुमाराला येते, मधल्या वेळात फक्त टॅक्सी, आणि रात्री दहानंतर टॅक्सीला २० टक्के जादा. टॅक्सीचं मागचं डावं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि बंद करतो, हात लावू नका.

बसचं सांगते, कारण बस शहरागणिक वेगळी. टोकियोच्या सरकारी बसला पुढून चढायचं आणि चढतानाच पैसे. क्योतोत बहुतेक बसला मागून चढायचं, पुढून उतरायचं, उतरताना २३० येन. क्योतोचा एक दिवसाचा बस पास जुन्या माहितीत सगळीकडे दिसतो, तो २०२३ मध्ये बंद झालाय, आता मेट्रो आणि बस मिळून ११०० येनचा पास आहे. गावाकडे मात्र भाडं अंतराप्रमाणे असतं आणि तिथे आम्ही अडकलो होतो. डोंगरातली बस, आई आणि मी मागच्या दाराने चढलो, दाराशी एक छोटं मशीन होतं त्यातून कागदाची चिठ्ठी बाहेर आलेली होती, बोटाएवढी, ती आम्ही घेतलीच नाही, वाटलं आधीच्या कोणाची राहिली असेल. ती म्हणजे सेईरिकेन. त्यावर आपण कुठल्या स्टॉपला चढलो त्याचा नंबर असतो. पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर बोर्ड असतो, त्यात चौकोन चौकोन, प्रत्येक नंबराखाली भाडं, आणि बस जसजशी पुढे जाते तसतसे आकडे वाढत जातात. उतरताना आपल्या नंबराखाली जे दिसतं ते नाण्यांत मोजून चिठ्ठीसकट पेटीत टाकायचं. चिठ्ठी नसली की बस पहिल्या स्टॉपपासून सुटली तिथपासूनचं भाडं मागू शकतात. आम्हाला ड्रायव्हरकाकांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं कुठे चढलात आणि तेवढंच घेतलं, पण मागे सगळे थांबले होते आणि आईचा चेहरा अगदी उतरला होता. तर चिठ्ठी घ्या. आयसी कार्ड चालणारी बस असेल तर चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवा. पेटीतून सुट्टे परत येत नाहीत, ड्रायव्हरजवळ हजारची नोट सुटी करायचं मशीन असतं, ते बस थांबलेली असताना आधीच वापरून ठेवा.

शिनकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, भाडं दोन भागांत असतं, प्रवासाचं वेगळं आणि वेगाचं वेगळं, त्यामुळे कधी हातात दोन तिकिटं येतात, दोन्ही एकावर एक ठेवून गेटमध्ये एकदम टाकायची आणि पलीकडून दोन्ही उचलायची. बॅगेची लांबी रुंदी उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल, चाकं हँडल धरून, तर टोकियो ओसाका आणि पुढच्या त्या लाइनवर मागे सामानाची जागा असलेली सीट आधी बुक करायला लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण न करता बॅग आणली तर १००० येन घेतात. घरी टेपने मोजून निघा. जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा ठरावीक दिवस कितीही फिरायचा पर्यटकांचा पास, घ्यायचाच असं धरून चालू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, आता नुसतं टोकियो क्योतो जाऊन येणार असाल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा, ऑगस्टच्या मध्यात आणि नवीन वर्षाला सगळा देश हलतो, त्या दिवसांत नोझोमी, म्हणजे त्या लाइनवरच्या सगळ्यात वेगवान शिनकानसेन गाड्यांना, रिझर्व्हेशनशिवाय सीट नसते.

आणि बॅगा स्वतः ओढत नेऊच नका असं मी म्हणेन. ताक्क्यूबिन म्हणून सेवा आहे, काळ्या मांजराचं चित्र असतं, हॉटेलच्या रिसेप्शनवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता दाखवायचा, बहुतेक शहरांत दुसऱ्या दिवशी बॅग तिथे हजर. एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवायचे, बस. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा खर्च मनापासून करा.

खाण्याचं, शाकाहारी लोकांसाठी. अडचण मांसाची नसते, दाशीची असते. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचा रस्सा, तो सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीत, अंड्यात, सगळ्यात. भाजीची डिश मागितली तरी त्यात तो असू शकतो आणि वाढणाऱ्याला त्यात मासा आहे असं वाटतही नाही. निकु मो साकाना मो ताबेमासेन म्हणजे मांस पण नाही मासे पण नाही, हे तोंडपाठ करा, पण त्याच्या जोडीला दाशी नको हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. पाकिटावर अ‍ॅलर्जीची यादी असते, अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे काही गोष्टी बंधनकारक, पण त्यात माशाचा रस्सा येत नाही, म्हणून त्या यादीवर विसंबू नका, फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून सगळं वाचा. देवळांमधलं शोजिन र्योरी जेवण पारंपरिकरीत्या मांस-मासे नसलेलं असतं, पण बहुतेक ठिकाणी आधी बुक करायला लागतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडी दुकानं, त्यांच्यावर अर्धी ट्रिप निघते. काउंटरवर दोनच प्रश्न असतात, गरम करू का आणि पिशवी हवी का. फुकुरो ऐकू आलं की पिशवी. २०२० पासून तिला पैसे पडतात. किमतीचे दोन आकडे दिसले तर मोठ्या अक्षरातला कराशिवाय आणि छोट्या अक्षरातला करासकट असं बऱ्याचदा असतं. खाण्यावर ८ टक्के कर, तिथेच बसून खाल्लं तर १०.

कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळजवळ नाहीत. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सरीन वायूचा हल्ला झाला त्यानंतर खूप ठिकाणचे काढले. सॅकमध्ये एक पिशवी ठेवा, हॉटेलवर नेऊन टाका. पेयांच्या मशीनशेजारचा डबा फक्त बाटल्या-कॅनसाठी. सार्वजनिक टॉयलेट स्वच्छ आणि फुकट असतात पण हात पुसायला बऱ्याचदा काही नसतं, रुमाल हवा. टॉयलेटच्या बटणांमध्ये चौकोन म्हणजे थांबा, ते एक ओळखून ठेवा. जिथे दाराशी पायरी वर चढते आणि चपला ओळीने दिसतात तिथे चपला काढायच्या, ततामीवर, म्हणजे गवताच्या चटईच्या जमिनीवर, स्लिपरही नाही, टॉयलेटच्या स्लिपर टॉयलेटमध्येच.

पत्ता शोधताना रस्त्याचं नाव शोधू नका, बहुतेक रस्त्यांना नावच नाही. भाग, मग ब्लॉक, मग इमारत असे आकडे असतात. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत फोनमध्ये ठेवा, टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा. १एफ म्हणजे आपला तळमजला, पहिला मजला २एफ. दुकानाच्या दारावर २६ वाजेपर्यंत असं लिहिलेलं दिसलं तर ते रात्रीचे दोन. म्युझियम बहुतेक सोमवारी बंद, सोमवारी सुट्टी असेल तर मंगळवारी.

आता अडचणीचं. पोलीस ११०, अँब्युलन्स आणि आग ११९. अँब्युलन्सला पैसे नाहीत, पण हॉस्पिटलला आहेत आणि ते जागेवर मागतात, म्हणून इन्शुरन्स काढूनच जा. पर्यटकांसाठी असलेली बरीचशी सिमकार्डं नुसत्या डेटाची असतात, त्यावरून साधा कॉल लागत नाही, ११० आणि ११९ सुद्धा नाही. ही गोष्ट जाण्याआधी डोक्यात बसवा. घरचं सिम रोमिंगवर चालू ठेवा, किंवा हिरवे सार्वजनिक फोन आहेत त्यावरून हे दोन नंबर नाणं न टाकता लागतात, किंवा हॉटेल, दुकान कुठेही आत जाऊन सांगा. पर्यटकांसाठी चोवीस तासांची हेल्पलाइन पण आहे, ०५०-३८१६-२७८७, इंग्रजीत बोलता येतं.

भूकंपाचा अलार्म सगळ्यांच्या फोनवर एकदम वाजतो, फार कर्कश असतो. बाहेर पळू नका, टेबलाखाली जा, डोकं झाका, लिफ्टमध्ये असाल तर सगळ्या मजल्यांची बटणं दाबा आणि जिथे उघडेल तिथे बाहेर या. समुद्राजवळ असाल तर हलणं थांबल्या थांबल्या उंचावर चाला, कोणाची वाट बघू नका. सेफ्टी टिप्स नावाचं अ‍ॅप आहे, इंग्रजीत सूचना येतात, ते आधीच टाकून ठेवा.

काही हरवलं तर आशा सोडू नका. कोपऱ्या-कोपऱ्यावर कोबान म्हणजे छोटी पोलीस चौकी असते, सापडलेली वस्तू लोक तिथे आणून देतात. ट्रेनमध्ये राहिलं असेल तर गेटवरच्या माणसाला गाडीची वेळ, डबा आणि कुठून कुठे ते सांगा. आईची छत्री आणि स्वेटर आम्ही असेच परत मिळवले, वेळ लिहून ठेवली होती म्हणून. तेव्हापासून मी प्रत्येक गाडीत बसल्यावर बोर्डाचा एक फोटो काढते.

निघायच्या दिवशी नाणी संपवा, कारण नाणी बाहेर कुठेच बदलून मिळत नाहीत. एअरपोर्टच्या कोंबिनीत आधी सगळी नाणी ट्रेमध्ये ओता आणि उरलेले कार्डावर घ्या म्हणून कार्ड दाखवा, बहुतेक ठिकाणी ते चालतं. सुइका परत करून डिपॉझिट घ्यायचं असेल तर ते ज्या भागात घेतलं तिथल्याच जेआर स्टेशनवर होतं, टोकियोत घेतलेलं ओसाकाला परत घेत नाहीत, म्हणून परतीचं विमान दुसऱ्या शहरातून असेल तर टोकियो सोडायच्या आदल्या दिवशीच ते उरकून टाका.